शालन, मागून ट्रॅक्टर येतोय

शालन, मी तुझ्यावर रागावले आहे. तुला जाऊन तीन आठवडे झाले. अजून कुणी ना कुणी दारात येतं, "सिस्टर, तुमची जोडीदारीण गेली हो" म्हणतं आणि डोळ्याला पदर लावतं. मी नुसती मान हलवते. त्यांना वाटतं, हिला दुःखानं बोलवत नाही. खरं म्हणजे मी त्या वेळी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत असते, आणि मधेच कुणी बोललं की माझा मुद्दा हुकतो.

आपण काय कमी भांडलो? पण समोरासमोर भांडलो. तू बोलायचीस, मी उत्तर द्यायचे, तू त्यातली चूक काढायचीस, आणि आप्पा पुढं जाऊन कुणाच्या तरी बांधाला सायकल टेकवून आपलं संपायची वाट बघत बसायचे. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलते. तुझ्या बाजूनं बोलताना मी जिंकू देते तुला, तरी समाधान होत नाही.

आधी आपण एकमेकींना 'अहो' म्हणायचो. मी राहूच्या दवाखान्यात नर्स, तू खुटबावच्या शाळेत बाई. मी पोरांना लस टोचायला यायचे तेव्हा तू त्यांना ओळीत उभं करायचीस. "या हो सिस्टर." "बाई, ह्या पोराची नखं बघा हो." वर्षानुवर्षं एवढंच बोलणं. मग मी रिटायर झाले, खुटबावातच राहिले. पाठोपाठ तू रिटायर झालीस, आणि महिनाभरातच एका संध्याकाळी नवी कोरी लेडीज सायकल हातानं ढकलत माझ्या दारात आणलीस.

"सिस्टर, मला शिकवा."

"बाई, या वयात?"

"तुम्ही याच वयात चालवता की."

माझी गोष्ट वेगळी होती. मला नोकरीनं सायकल शिकवली. शिरूर तालुक्यात पहिली नेमणूक झाली, वस्त्या लांब लांब, बाळंतीण कुठल्या टोकाला असेल सांगता यायचं नाही, तेव्हा शिकले. तुला कुणी शिकवली नव्हती. माहेरी भावाची सायकल होती, तिला हात लावायची तुला परवानगी नव्हती. सासरी नवऱ्याची होती, ती तू फक्त पुसलीस. हे सगळं तू मला पहिल्याच संध्याकाळी शाळेच्या मैदानावर सांगितलंस, मी कॅरिअर धरून तुझ्या मागं पळत असताना. मला धाप लागली होती आणि तुला गोष्टी आठवत होत्या.

तू दोनदा साडीत अडकून पडलीस. दुसऱ्या वेळी गुडघा फुटला तेव्हा तुझ्या सुनेनं, रूपालीनं, स्वतःचा पंजाबी ड्रेस उसवून मोठा करून दिला. संदीप आईशी दोन दिवस बोलला नाही. गावातल्या बायका पारावरून बघायच्या. तू म्हणालीस, "बघू देत. मी ह्यांच्या पोरांना अंगठे धरून उभं केलंय, माझ्यापुढं काय बोलतात." आणि खरंच कुणी काही बोललं नाही, निदान तुला ऐकू जाईल असं नाही.

'अहो' कधी सुटलं ते मला नीट माहीत आहे. उसाचा हंगाम होता. तू पुढं होतीस. "अहो बाई, मागून ट्रॅक्टर येतोय हो" एवढं वाक्य पुरं होईपर्यंत ट्रॅक्टर तुझ्या अंगाला घासून पुढं जायचा. एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं, "शालन, ट्रॅक्टर." तू सायकल कडेला घेतलीस, उतरलीस, मी आले तशी म्हणालीस, "आई गेल्यापासून मला नावानं कुणी हाक मारली नव्हती." मला वाटलं आता रडशील. तू म्हणालीस, "पण नुसतं ट्रॅक्टर काय? ट्रॅक्टर काय करतोय ते सांगावं. क्रियापद कुठाय?" तेव्हापासून मी क्रियापदासकट ओरडायला लागले. शालन, मागून ट्रॅक्टर येतोय. किती वेळा ओरडले असेन मी हे वाक्य.

आप्पा आपल्यात नंतर आले. रिटायर पोस्टमन, अख्खी नोकरी सायकलवर. त्यांचे आजोबा-पणजोबा मेंढरं घेऊन मुलूख फिरायचे. "आमच्या घरान्याला एका जागी बसनं जमत न्हाई," असं सांगून ते रविवारी आपल्याबरोबर यायला लागले. पहिले काही दिवस त्यांना कळेचना की कुणाचं टपाल नाही, मनीऑर्डर नाही, तर जायचं कशाला. तू म्हणालीस, "आप्पा, भूक लागायला जायचं." ते त्यांना पटलं.

आपला रविवार. चांगलं उजाडल्याशिवाय निघायचं नाही, कारण उसात बिबट्या. मग पूल ओलांडून राहूच्या रस्त्यानं सावकाश. तू वाटेतल्या पाट्या वाचायचीस आणि चुका मोजायचीस. एका हॉटेलवाल्यानं 'मीसळ' लिहिलं होतं. तू आत जाऊन त्याला सांगितलंस की मि ऱ्हस्व. त्यानं पुढच्या रविवारी खरंच पाटी बदलली आणि 'मिसळ' लिहून खाली 'उपलबध' लिहिलं. तू कपाळाला हात लावलास आणि तरी तिथंच मिसळ खाल्लीस. थंडीत कुणाच्या तरी शेतात हुरडा. आप्पांच्या पिशवीत भाजलेल्या शेंगा. आणि गुऱ्हाळ. गुऱ्हाळावरचे ते भय्या लोक तुला ओळखायचे. कढईपाशी वाकलीस की ओरडायचे, "अम्मा, पीछे, पीछे." तू द्रोणात गरम काकवी घेऊन बाजेवर बसायचीस, बोट बुडवून चाटायचीस आणि म्हणायचीस, "सिस्टर, माझी साखर विचारू नको आता." मी विचारायचेच. तू ऐकायची नाहीस.

ऐकायची नाहीस असं मी म्हणायचे, आणि खरंच तुला ऐकू येत नाहीये हे मला कळायला वर्ष गेलं. मी नर्स. लाज वाटते सांगायला. मला वाटायचं, बाई हट्टी आहे. मी मागून ओरडायचे आणि तू रस्त्याच्या मधूनच चालवायचीस. मग लक्षात आलं, आप्पा डावीकडून बोलले की तू उत्तर देतेस, मी उजवीकडून बोलले की नुसती हसतेस. उजवा कान. गाड्या मागून येऊन उजवीकडूनच पुढं जातात, शालन. जायचाच होता तर दुसरा कान जायचा होता.

दौंडला कानाच्या डॉक्टरकडं तुला मीच नेलं. रेल्वेनं गेलो, घरी सांगितलं की बँकेत काम आहे. त्यांनी मशीन लावायला सांगितलं. तू घेतलंस, आठ दिवस लावलंस आणि डब्यात ठेवून दिलंस. त्यावरून आपलं जे सुरू झालं ते शेवटपर्यंत संपलं नाही.

"घरात ठीक हाय," तू म्हणालीस. तुला राग आला की तुझी शाळेतली भाषा सुटायची. "सायकलवर बसलं की नुसता वारा आत शिरतो. कानात कुणीतरी पिठाची गिरणी चालू केल्यासारखं. मग मला वारा ऐकू येतो, गाडी न्हाईच येत."

"परत जाऊ. सेटिंग करून देतात."

"पस्तीस वर्षं पोरांचे पाढे ऐकले. आता थोडं कमी ऐकलं तर काय बिघडलं?"

"मेलीस तर बिघडेल."

"मग तू हायेस की मागं."

हे तुझं शेवटचं उत्तर असायचं, आणि मला ते लागायचं. मी आहे मागं. म्हणजे मी हुरडा बघायचा नाही, बगळे बघायचे नाहीत, आप्पांशी बोलायचं नाही. मी फक्त मागं वळून बघायचं आणि ओरडायचं. तुला हे कधी जाणवलं का? आप्पांनी तुझ्या हँडलला स्कूटरचा आरसा बसवून दिला. तू त्यात टिकली नीट आहे का ते बघायचीस. मी म्हटलं, रस्ता बघ. तू म्हणालीस, "मागचं बघत बसले तर पुढचं कधी बघू?" आप्पा हसले. मला हसू आलं नाही.

शिरूरचंही असंच. माझी मुलगी शिरूरला दिलेली. तुझ्या डोक्यात होतं की एकदा तिच्याकडं सायकलवर जायचं, मुक्काम करायचा, येताना सायकली टेम्पोत टाकायच्या. मी दर वेळी म्हणायचे, पुढच्या थंडीत. तुला वाटायचं मला जमणार नाही म्हणून मी टाळतेय. तसं नव्हतं. हायवे लागतो. त्या हायवेवर तुझ्या मागं राहून ओरडायची माझ्यात ताकद नव्हती. हे मी तुला सांगायला हवं होतं. मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

आणि मग डिसेंबरातला तो रविवार. आप्पा पूल ओलांडून पुढं गेले होते. तू पुलाच्या मध्यावर, रस्त्याच्याही मध्यावर. मागून दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर. मी ओरडले. परत ओरडले. घंटी वाजवली. ट्रॅक्टरवाल्याचा हॉर्न माझ्या कानाचे पडदे फाडत होता आणि तू एका हातानं ओढणी सावरत खाली पाण्याकडं बघत चालली होतीस. त्यानं ब्रेक मारला. मागची ट्रॉली आडवी झाली, कठड्याला घासली, ऊस खाली सांडला. तू थांबलीस ती माझ्या ओरडण्यानं नव्हे, तुझ्या पुढ्यात उसाची दोन कांडी येऊन पडली म्हणून.

ट्रॅक्टरवरून सोमनाथ उतरला. तुझाच विद्यार्थी, आता दोन मुलींचा बाप.

"बाई, लागलं का वो?"

तू त्याच्यावरच डाफरलीस. "सोमनाथ, हॉर्न का नाही वाजवलास?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मग हळू आवाजात म्हणाला, "बाई, पुलाच्या आधीपासनं वाजवतोय."

ते तुला ऐकू आलं नाही. पण त्याचे ओठ तुला कळले, आणि तुझा चेहरा पडला. एवढा पडलेला तुझा चेहरा मी तुझ्या नवऱ्याच्या मयतातही बघितला नव्हता. परत येताना आपण तिघंही सायकली हातात धरून चाललो. घराच्या कोपऱ्यावर तू माझा दंड धरलास. "घरी सांगू नको." मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. तिथं मी खोटी वागले असेन तर तेवढंच.

संध्याकाळी मी संदीपला गाठलं. तो कोरेगाव भीमाच्या बाजूला एका कंपनीत सेफ्टीचं बघतो हे मला माहीत होतं. पण त्याचा असा परिणाम होईल हे माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटलं, तो आईला घेऊन बसेल, समजावेल, मशीन नीट करून आणेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "मावशी, आमच्याकडं अशा थोडक्यात टळलेल्या अपघाताला नियर मिस म्हणतात. नियर मिस झाला की त्याच दिवशी ॲक्शन घ्यायची." आणि आत जाऊन मोटारसायकलची साखळी आणली, तुझी सायकल शेडच्या खांबाला बांधली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

"अरे, साखळी कशाला?" मी म्हटलं.

"मावशी, तुम्हीच सांगायला आलात ना?"

तू ओट्यावर उभी होतीस. साखळीचा आवाज तुला आला नसेल, पण तू बघत होतीस. तू माझ्याकडं एकदा बघितलंस आणि आत गेलीस. त्यानंतर सात आठवडे तू माझ्याशी बोलली नाहीस.

मी आले होते, शालन. हे मला कुठंतरी लिहून ठेवायचंय. पहिल्यांदा आले तेव्हा तू पाठ करून पेपर वाचत बसलीस. मी बोलत राहिले. मोठ्यानं बोलले. इतक्या मोठ्यानं की शेजारची म्हातारी विचारायला आली, काय झालं. तू पान उलटलंस. आयुष्यात पहिल्यांदा तुला त्या कानाचा उपयोग झाला. रूपालीनं चहा आणला, तो मी तुझ्या पाठीकडं बघत प्यायले.

दुसऱ्यांदा मी कागद लिहून आणला. ऐकू येत नाही तर वाच. त्यात लिहिलं होतं की मी तुझ्या काळजीनं सांगीतलं, दुसरं काही मनात नव्हतं. तू कागद घेतलास, चष्मा लावलास, वाचलास. माझा जीव भांड्यात पडला. मग तू कपाटातून लाल पेन काढलंस, 'सांगीतलं'मधली दीर्घ वेलांटी खोडून ऱ्हस्व केलीस, आणि कागद माझ्या हातात परत दिलास. एक शब्द नाही. मी तो कागद तिथंच फाडला आणि निघाले. तिसऱ्यांदा आले तेव्हा तू घरात नव्हतीस. रूपाली म्हणाली, "आई जरा फिरायला गेल्यात." मी बराच वेळ थांबून परत गेले. तिच्या तोंडावर काहीतरी होतं, मला तेव्हा कळलं नाही.

शनिवारी दुपारी रूपालीचाच फोन आला. "मावशी, आईचं तोंड वाकडं झालंय." मी सायकल काढली. तुझ्या घरी कशी पोहोचले मला आठवत नाही. तू ओट्यावर तूर निवडत बसली होतीस म्हणे, आणि सूप हातातून पडलं. मी डोळे बघितले, हात उचलून बघितला, मला कळलं काय झालंय. ॲम्ब्युलन्स यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. तुला बोलता येत नव्हतं. नर्स म्हणून मला ते समजत होतं. पण सात आठवड्यांची सवय झालेली. मला सारखं वाटत होतं, ही अजून रुसलेलीच आहे.

ॲम्ब्युलन्समध्ये बसायचं बाकडं तुझ्या उजव्या हाताला होतं. उजव्या कानाशी. तुझा डावा कान पलीकडं, पत्र्याला लागून, आणि मधे ऑक्सिजनची नळी, सलाइन, रूपाली, तो गाडीतला अटेंडंट. मला पलीकडं जायला जागाच नव्हती. मी त्या मेलेल्या कानात ओरडत राहिले. काय काय बोलले. साखळी तोडते म्हटलं. संदीपला मी बघून घेते म्हटलं. आपण शिरूरला जाऊ, याच महिन्यात जाऊ, हायवेनं जाऊ म्हटलं. अटेंडंट वैतागून म्हणाला, "मावशी, ओरडू नका, पेशंटला त्रास होतो."

"तिला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"मग ओरडता कशाला?"

तुझे डोळे उघडे होते. माझ्याकडं वळले की गाडीच्या हेलकाव्यानं मान वळली, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. संध्याकाळी दवाखान्यात तू गेलीस.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी नुसती रडले असते. पण दहाव्याला, सगळे नदीवरून परत आल्यावर, रूपालीनं मला मागल्या दारी नेलं. तिला ते पोटात ठेववत नव्हतं.

"मावशी, एक सांगायचंय. आई सायकल चालवत हुत्या."

"कधी?"

"रोज. कॅनॉलच्या रस्त्याला जायच्या. हे फर्स्ट शिफ्टला गेले की मी किल्ली द्यायची. एक किल्ली ड्रॉवरमधी हुती, ह्यांना म्हाईत न्हवतं. नऊच्या आत परत आणून साखळी लावायच्या."

"तू दिलीस? तिला ऐकू येत नाही हे माहीत असून?"

ती म्हणाली, "त्या जेवत न्हवत्या, मावशी. चार दिवस नुसतं ताक. मी किल्ली पुढ्यात ठिवली, तर उठल्या आन् दोन भाकरी खाऊन गेल्या. मी काय करनार?"

मला तिला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. पण त्याच वेळी माझ्या पोटात कुठंतरी हसू फुटलं. शालन, तू त्या साखळीला फसवलंस. माझ्या डोळ्यांसमोर तू आलीस, तो उसवलेला ड्रेस घालून कॅनॉलच्या रस्त्यानं, कुणी मागं ओरडणारं नाही, कुणी साखर विचारणारं नाही. मला आनंद झाला. आणि लगेच इतका राग आला की मी धुणं धुवायच्या दगडावर खाली बसले. मी सात आठवडे स्वतःला खात होते. हिची सायकल माझ्यामुळं गेली, म्हणून मी रविवारी गुऱ्हाळावर थांबत नव्हते, मिसळ खात नव्हते. आणि तू रोज चालवत होतीस, एकटी, मागं कुणी नसताना.

"कॅनॉलला कशी गेली ती? तो रस्ता तिला माहीत नव्हता."

रूपालीनं अंगणात बसलेल्या आप्पांकडं बघितलं.

मी आप्पांना बाहेर बोलावलं. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"सिस्टर, मला बाईंनी शपथ घातली हुती."

"म्हणजे रविवारी तुम्ही माझ्याबरोबर यायचात, बाकीचे दिवस तिच्याबरोबर?"

"व्हय. पर मी मागं ऱ्हायचो, सिस्टर. तुमच्यावानी. कॅनॉलला गाडी येतीच कवा? तरी मागंच ऱ्हायचो."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. मी तुमच्यासमोर रडले होते, आप्पा."

"ते मी बाईंना सांगितलं."

"मग काय म्हणाली?"

"शेवटच्या बेस्तरवारी म्या इचारलं, बाई, आता बास की. सिस्टरचं तोंड बघवत न्हाई. तर म्हनल्या, आप्पा, शिक्षा अर्धी सोडली की पोरं बिघडत्यात. अजून दोन रविवार. मग आपन दोघं तिच्या दारात जाऊ, आन् मशीन घालून जाऊ, म्हंजी तिला काय बोलायला जागा न्हाई."

दोन रविवार. मी बोटांवर मोजलं. तू शनिवारी गेलीस. दुसऱ्या दिवशी रविवार, तेव्हा आम्ही राख सावडायला गेलो होतो. त्याच्या पुढचा रविवार कालच होऊन गेला होता. म्हणजे आप्पा मला शिक्षेची मुदत सांगत होते तेव्हा ती संपलेली होती.

मला हे कुणावर काढावं कळत नाही. आप्पांवर काढलं, दोन दिवस त्यांना दारात उभं केलं नाही. संदीपवर काढायला गेले, तर तो माझ्यासमोर लहान पोरासारखा रडला. "मावशी, मी बरोबरच केलं ना?" म्हणाला. मी हो म्हटलं. काय म्हणणार? मीही तेच विचारत फिरतेय, फक्त मला विचारायला कुणी नाही. त्यानं तुझी सायकल मला देऊ केली. मी म्हटलं, रूपालीला ठेव. तो म्हणाला, तिला कुठं येते? रूपाली आत गेली नाही, तिथंच उभी राहिली. कॅरिअर धरून पळायची माझी उमेद या घटकेला नाही. पुढचं पुढं.

आज रविवारी सकाळी आप्पा आले. मी चहा दिला. मग सायकल काढली आणि दोघं राहूपर्यंत गेलो. आप्पा पूर्ण वाट माझ्या मागं राहिले. मी म्हटलं, पुढं व्हा, मला नीट ऐकू येतं. तर म्हणाले, "असू द्या. सवय लागली." गुऱ्हाळावर थांबलो. कढईवरच्या माणसानं विचारलं, "अम्मा नहीं आई?" आप्पांनी त्याला त्यांच्या हिंदीत सांगितलं. त्यानं दोन द्रोण भरून दिले. मी पूर्ण प्यायले. तुझ्याइतकंच गोड खाल्लं, आणि कुणी साखर विचारली नाही.

परत येऊन हे लिहायला बसले. वेलांट्या तपासून घेतल्यात, तरी राहिल्या असतील.

शालन, शिक्षा मी पूर्ण भोगली. सात आठवडे, आणि वरचे दोन रविवार. एकही दिवस चुकवला नाही. पण चूक मला अजून कबूल नाही. तू उद्या परत आलीस आणि तुझा कान असाच असला, तर मी उद्याच संदीपकडं जाईन आणि सगळं सांगेन. तू पुन्हा रूस. सात आठवडे रूस, वर्षभर रूस. मी येऊन तुझ्या पाठीकडं बघत चहा पिईन. फक्त तू तिथं ओट्यावर बसलेली हवीस, माझ्याकडं पाठ करून का होईना.